चित्रकारांचे प्रश्न : सराव रोजचा, तरी चित्र तिथेच

प्रश्न : शाळेची नोकरी सांभाळून २० वर्षे जलरंगात निसर्गचित्रे करतो आहे. आठवड्याला एक चित्र होतेच. पण ५ वर्षांपूर्वीचे आणि आजचे चित्र शेजारी ठेवले तर फरक सापडत नाही. वर रंग मळकट होतात ते वेगळेच. कागद बदलला, ब्रश बदलले, उपयोग झाला नाही.
– कलाशिक्षक, सातारा

उत्तर : आठवड्याला एक चित्र म्हणजे बहुधा जे जमते तेच पुन्हा. आधी दोष नेमका कुठे आहे ते पकडा. शेवटची १० चित्रे घराबाहेर सावलीत मांडा, मोबाइलवर फोटो काढा आणि ते कृष्णधवल करून बघा. आकाश, डोंगर, झाडी सगळे एकाच करड्या पट्ट्यात बसलेले दिसले, कोरा कागद कुठे राखलेला नाही आणि खरा गडदही नाही, तर घोडे टोनपाशी, म्हणजे उजळ-गडदाच्या पातळीपाशी, अडले आहे. रंग वेगवेगळे असले की डोळा फसतो. शिवाय जलरंग वाळला की फिका पडतो. ओला असताना बरोबर वाटलेला टोन वाळल्यावर कमीच पडणार, म्हणून लावतानाच थोडा जास्त गडद लावायचा.

पुढचे दोन महिने प्रत्येक चित्राआधी २ × ३ इंचांची तीन टिपणे करा. रंग एकच, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). टोन तीनच : कोरा कागद, एक मधला, एक गडद. प्रत्येकाला ५ मिनिटे. मेणवलीचा नदीकाठचा घाट घ्या. ऊन तिरपे असताना पायरीची वरची बाजू उजळ आणि उभी बाजू गडद दिसते. भर दुपारी हा फरक बराच मोडतो आणि मग आपण पायऱ्या रेघांनी दाखवू लागतो. एका टिपणात पायऱ्या कोऱ्या ठेवा, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात आकाश. डोळे किलकिले करून बघा आणि जे लांबून वाचता येईल तेच मोठे करा. चौथा टोन लावायचा मोह होईल, तो आवरा.

सावळाराम हळदणकरांचे हातात दिवा धरलेल्या मुलीचे चित्र (१९४५–४६) अनेकांना तैलरंगातले वाटते. ते जलरंगातले आहे, आणि वयाच्या साठीनंतरचे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात गेलात तर ज्योतीकडे नंतर बघा, आधी भोवतालचा अंधार किती गडद लावला आहे ते बघा. ज्योतीवर धरलेली बोटे त्यामुळेच उजळतात.

आता मळकटपणा. एक कारण पॅलेटवरचे : एका मिश्रणात चार-पाच रंग जातात. दीड महिना अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि लेमन यलो एवढ्यावरच भागवा. पहिल्या दोघांतून थंड-उबदार करडे आणि जवळजवळ काळापर्यंतचा गडद मिळतो. दुसरे कारण, आणि आमच्या मते हेच मोठे, अर्धवट ओल्या वॉशमध्ये (पातळ रंगाच्या थरात) ब्रश घालणे. वॉशची चमक गेली पण हाताची पाठ टेकवल्यावर कागद गार लागतो, त्या अवस्थेत हात लावायचा नाही. खालचा रंग उखडतो. ब्रशमध्ये पाणी जास्त असेल तर कडा फुटून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात. पावसाळ्यात ३०० जीएसएमचा जाड कागद या अवस्थेत फार वेळ अडकतो. हेअर ड्रायर चालेल, पण चमक गेल्यावरच आणि फूटभर अंतरावरून. आधी वारा मारलात तर रंग ढकलला जाऊन ओघळ येतात.

प्रश्न : पुस्तकांसाठी टॅबलेटवर चित्रे काढतो. प्रत्येक पोझसाठी फोटो शोधावा लागतो. फोटो नसला की हात चालत नाही.
– इलस्ट्रेटर, ठाणे

उत्तर : एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर दिला असेल, तोच पुन्हा सुरू करा. लोकलमध्ये समोरचा माणूस २ मिनिटे नुसता बघा : वजन कोणत्या पायावर, खांद्यांची रेघ कुठे झुकली, कोपर कमरेच्या वर की खाली. मग नजर काढून घेऊन ५ मिनिटांत काढा. पुन्हा बघा आणि चुका लाल पेन्सिलीने त्याच कागदावर दुरुस्त करा. ही लाल दुरुस्ती टाळली तर सराव वाया. महिन्याने वही चाळली की लाल रेघा कुठे जमतात ते कळते. बहुतेकांच्या त्या मान-खांद्याच्या जोडापाशी आणि पंज्यांपाशी असतात. पुढच्या महिन्यात तेवढेच घ्या.

फोटो वर्ज्य नाही, पण मोबाइलने जवळून घेतलेल्या फोटोत कॅमेऱ्याजवळचा हात किंवा गुडघा अवाच्या सवा मोठा येतो. पोझ स्वतः काढून घ्यायची असेल तर दहाएक फूट मागे सरका आणि झूम करा. रेखाटन मात्र कागदावर, खोडरबर न घेता. टॅबलेटवर ‘अनडू’चे बटण हाताशी असले की रेघ ठरवण्याआधीच ओढली जाते.

प्रश्न : वय ५८. तैलचित्र करताना कॅनव्हास धूसर दिसतो, मान दुखते. अलीकडे निळे रंग जास्त वापरले जातात असे घरचे म्हणतात.
– वाचक, नाशिक

उत्तर : चष्मा प्रोग्रेसिव्ह (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच भिंगात असलेला) असेल, तर त्यात जवळचा नंबर भिंगाच्या खालच्या भागात असतो. समोर उभा कॅनव्हास त्यातून बघायला हनुवटी वर करावी लागते आणि मान धरते. डोळ्यापासून कॅनव्हासपर्यंतचे अंतर टेपने मोजा (साधारण ६० ते ७० सेंमी निघेल) आणि त्या अंतराचा एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या.

निळ्याचे मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, निळा कमी पोचतो आणि हात तो भरून काढू बघतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनाही मोतीबिंदूने रंग ओळखणे अवघड झाले होते. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ साली झाली. तपासणी होईपर्यंत ट्यूबवरचे नाव वाचून रंग काढा, पॅलेटवर रंगांची जागा कायम ठेवा आणि दिवा ५००० केल्विनच्या आसपासचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा घ्या.