‘अघोरी पंथ’ नको: ज्ञानातून सत्ता मिळवणाऱ्या साधकांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: एका काल्पनिक कादंबरीत गूढ साधकांचा एक पंथ आहे. ते अंधारात राहतात, बाहेरच्याला काही कळू देत नाहीत, आणि ज्ञान मिळवतात ते मुक्तीसाठी नव्हे, तर इतरांवर हुकमत गाजवण्यासाठी. त्यांना मराठीत ‘अघोरी पंथ’ म्हणावं की ‘काळे गूढवादी’? आणि पंथाच्या प्रमुखाला काय म्हणावं?

दोन्ही नावं नकोत. ‘अघोरी’ तर अजिबात नको. भीतीदायक काही दिसलं की हा शब्द चिकटवून मोकळं व्हायची सवय आता फार झाली. अघोर म्हणजे जो घोर नाही तो. शिवाच्या पाच मुखांतलं एक अघोर, आणि रुद्रातली ‘या ते रुद्र शिवा तनूरघोरापापकाशिनी’ ही ओळ देवाच्या सौम्य रूपालाच अघोर म्हणते. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या मराठी नावातही ‘अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा’ असे शब्द आहेत. म्हणजे उलट्या अर्थावर राजमुद्रासुद्धा उमटली.

अर्थ उलटला कसा? स्मशानातल्या अघोरी साधूंची लोकांना भीती वाटली, म्हणून शब्दही भीतीदायक झाला, असं सर्रास सांगतात. मला हे अपुरं वाटतं. साधूंची भीती ‘अघोरी’ या नामाला चिकटेल, पण मराठीत ‘अघोर’ हे साधं विशेषणही भयंकर याच अर्थी चालतं, तिथे साधूचा पत्ता नसतो. माझ्या मते खरी गोम मराठी कानात आहे. रामदासांच्या ‘अचपळ मन माझे नावरे आवरीता’मधला ‘अचपळ’ घ्या. संस्कृतच्या हिशेबाने तो स्थिर असायला हवा. मराठीत तो अतिशय चपळ आहे. सुरुवातीचा ‘अ’ मराठी माणसाला इथे नकाराचा ऐकू आलाच नाही, जोर देणारा ऐकू आला. ‘अघोर’चंही तेच झालं: घोराहून घोर. ज्यांना अर्थबदलाचं खापर साधूंवरच फोडायचं आहे, त्यांनी आधी ‘अचपळ’चा उलगडा करून दाखवावा.

‘गूढवादी’त ‘वादी’ खटकतो, पण त्याहून मोठी अडचण आशयाची आहे. हा शब्द ज्ञानेश्वर-तुकारामांच्या अनुभवाबद्दल बोलताना वापरला जातो. तिथे ‘मी’ विरघळतो. तुमच्या पंथात ‘मी’ फुगतो. योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींना समाधीतले उपसर्ग, म्हणजे अडथळे म्हटलंय. तुमची माणसं त्या अडथळ्यांसाठीच साधना करतात. आधी ‘काळे’ लावून हा फरक भरून निघत नाही. ‘कापालिक’ हा खरोखरीचा पंथ होता आणि त्याची ओळख हातातली कवटी ही आहे, ज्ञान ही नाही. ‘तांत्रिक’ म्हटलं की आजच्या वाचकाला तांत्रिक बिघाड आठवतो. ‘मांत्रिक’ एकटा असतो, त्याचा पंथ नसतो.

तर मग शब्द कुठून काढायचा? विद्येतून.

विद् हा धातू घ्या. त्यातून वेद आला, विद्या आली. त्याच मुळाच्या युरोपातल्या शाखा बघा. रशियन भाषेत चेटकिणीला ‘व्येद्मा’ म्हणतात, आणि त्यातला ‘व्येद्’ हा आपल्या वेदाचा सख्खा भाऊ: व्येद्मा म्हणजे जाणणारी. इंग्रजीतला ‘विझर्ड’ हा ‘वाइज’ला शेपूट लावून झाला, आणि ‘वाइज’ याच मुळाचा. प्राचीन केल्टिक लोकांतले ‘ड्रुइड’ नावाचे पुरोहित तर तुमच्या पंथाच्या सगळ्यात जवळचे, आणि त्यांच्या नावाचा उत्तरार्धही हाच ‘विद्’ मानला जातो. ज्यूलियस सीझरने लिहून ठेवलंय की ड्रुइडांचे काही शिष्य वीस वर्षं शिकत, भरमसाट कवनं पाठ करत, आणि आपली शिकवण लिहून ठेवणं त्यांना मंजूर नव्हतं. एक कारण त्याने असं दिलंय की ती सामान्यांच्या हाती पडू नये.

जाता जाता: ‘विच’ हा शब्दही ‘शहाणी बाई’ यावरून आला असं मोठ्या थाटात सांगतात. ते खरं नाही. जुन्या इंग्रजीतल्या ‘विच्च’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे आणि ‘वाइज’शी तिचा धागा जुळत नाही. शब्द सारखे वाजतात म्हणून सोयरीक जमवायची नसते.

आपल्याकडे मात्र जाणत्याचा मांत्रिक होण्याचा प्रकार पुन्हा पुन्हा घडलाय. उपाध्याय म्हणजे शिकवणारा. प्राकृतात त्याचा उवज्झाय झाला (जैनांच्या नमस्कारमंत्रातलं ‘णमो उवज्झायाणं’ आठवा), पुढे ओझा. ओझा हे विद्वानांचं आडनाव आहे, आणि हिंदी मुलखात भूत उतरवणाऱ्यालाही ओझाच म्हणतात. सज्ञानवरून आलेला सयाना, आपल्या शहाण्याचा भाऊबंद, तिकडे झाडफूक करणारा झाला. मराठीत देवर्षी, म्हणजे थेट नारदाची पदवी, खाली उतरत उतरत अंगारा लावणारा देवरुषी झाली. पाच अक्षरांचा शिवमंत्र जाणणारा पंचाक्षरी झपाटलेल्याला झोडपणारा झाला. तिन्ही-चारही वाटा एकाच उतारावरून गेल्यात. माझं म्हणणं असं की हा शब्दांचा ऱ्हास नाही. न जाणणाऱ्याने जाणणाऱ्याकडे बघितलं तर त्याला कायम सामर्थ्यच दिसतं, आणि सामर्थ्य दिसलं की भीती येते. तुमच्या कादंबरीचा सगळा पायाच हा आहे. म्हणून पंथाचं नाव ‘जाणणे’ या अर्थाच्या धातूतून यायला हवं, भीतीच्या विशेषणातून नव्हे.

‘ज्ञान’ नको, ‘विद्या’च हवी, याला ठोस कारण आहे. मराठीची क्रियापदंच बघा. ज्ञान होतं. विद्या येते, साधते, फळते, लोपते. ज्ञान मोजता येत नाही; विद्या चौदा असतात. विश्वामित्राने रामाला बला आणि अतिबला या दोन विद्या दिल्या, म्हणजे त्या देता येतात, नग म्हणून मोजता येतात. विमलसूरींच्या ‘पउमचरिय’ या जैन रामायणात, आणि ते महाराष्ट्री प्राकृतात आहे हे विसरू नका, रावणाचं कूळ विद्याधरांचं, म्हणजे विद्या बाळगणाऱ्यांचं आहे. युद्ध अंगाशी आल्यावर तो बहुरूपा विद्या साधायला बसतो आणि वानरसेनेतले लोक त्याची साधना मोडायला धावतात. ज्ञान असं बैठक मारून साधत नाही आणि कुणी येऊन मोडूही शकत नाही.

विद्येच्या सत्तेचा सगळ्यात नेमका व्यवहार कचाच्या कथेत आहे. संजीवनी विद्या शुक्राचार्यांकडे, कच तिच्यासाठी शिष्य म्हणून राहिलेला. असुर त्याला जाळून राख मद्यात मिसळतात आणि ते मद्य शुक्रच पितात. आता कचाला जिवंत केलं तर तो पोट फाडून बाहेर येणार आणि गुरू मरणार. शुक्राला एकच वाट उरते: पोटातल्या शिष्याला विद्या शिकवायची, म्हणजे तो बाहेर येऊन गुरूला उठवेल. विद्या मिळाली ती गुरूचा जीव शिष्याच्या हाती आला तेव्हा. पुढे देवयानी शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही, आणि कच उत्तर देतो की ज्याला मी शिकवीन त्याला फळेल. विद्या एकाकडे असून निकामी, दुसऱ्याकडे गेली की कामाची. कथानकासाठी इतका तयार नियम दुसरीकडे मिळणार नाही.

वैयाकरणांचा एक श्लोकही इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. विद् धातूचे अर्थ लक्षात ठेवायला तो म्हणतात: ‘सत्तायां विद्यते ज्ञाने वेत्ति विन्ते विचारणे, विन्दते विन्दति प्राप्तौ’. असणे, जाणणे, विचार करणे, मिळवणे, चारही एका विद् मध्ये. यातली सत्ता म्हणजे अस्तित्व, हुकमत नव्हे, हे बजावून सांगतो. पण मराठीत सत्तेचा अर्थ काय झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि एकाच ओळीत ‘सत्ता’ आणि ‘ज्ञान’ शेजारी बसलेले बघून तुमच्या पंथाने तो आपला मंत्रच करून घ्यावा.

आता नाव. ‘विद्याधर’ अर्थाने चपखल, पण ते ओळखीच्या माणसांचं नाव आहे, दचकायला होत नाही. ‘कृष्णविद्य’ व्याकरणाने बरोबर, पण वाचक थेट गोकुळात जातो. मी ‘तमोविद’ घेईन. अंधार जाणणारा, आणि विद् चा दुसरा अर्थ धरला तर अंधार मिळवणारा. तमस्‌चं मृदू व्यंजनापुढे ‘तमो’ होतं, तमोगुण किंवा तपोवनासारखं. ‘तमविद’ आणि ‘तमःविद’ दोन्ही चूक. शेवटचा पाय मोडू नका, म्हणजे मराठी प्रत्यय सरळ लागतात: तमोविदाने, तमोविदांचा, तमोविदांना. त्यांच्या शास्त्राला ‘तमोविद्या’. संवादात गावकऱ्यांच्या तोंडी मात्र ‘काळी विद्यावाले’ टाका, कारण ज्यांची भीती वाटते त्यांचं संस्कृत नाव कुणी घेत नाही.

वाक्यात फरक कसा पडतो ते बघा. ‘त्याने गुरूकडून ज्ञान मिळवलं’ हे शाळेच्या प्रगतिपुस्तकात शोभेल. ‘त्याने गुरूची विद्या काढून घेतली’ म्हटलं की गुरूचं पुढे काय झालं हे विचारावंसं वाटतं.

‘संप्रदाय’ शब्द टाळा. सम्+प्र+दा, म्हणजे पुढे देत राहणे, आणि तुमची माणसं देत नाहीत, दडवतात. ‘पंथ’ म्हणजे वाट, ती सगळ्यांना मोकळी. त्यापेक्षा ‘आम्नाय’ घ्या. म्ना म्हणजे घोकून मनात ठेवणे, म्हणजे न लिहिता जपलेली परंपरा. कौल या शाक्त तंत्रपरंपरेत पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर असे चार आम्नाय आहेत, तेव्हा दिशेवरून शाखाही पाडता येतील: तमोविदांचा दक्षिणाम्नाय. दीर्घ ‘आ’ जपा, ‘अम्नाय’ लिहू नका.

आणि प्रमुख. ‘कुलपती’ मूळचा आश्रमातल्या हजारो शिष्यांना पोसून शिकवणारा, पण आता तो विद्यापीठात आहे. ‘आचार्य’ उपाध्यायाच्याच पंगतीत बसतो, सत्तेचा वास येत नाही. शैव आगमांत, म्हणजे शिवोपासनेच्या शास्त्रग्रंथांत, आठ विद्येश्वर (विद्येचे अधिपती) आहेत, त्यांत मुख्य अनंत. तोच शब्द आखडून ‘विद्येश’ करा, आणि हवं असेल तर एकाऐवजी आठ नेमा. विद्या+ईश, आ आणि ई मिळून ए, म्हणून विद्येश. ‘विद्याईश’ किंवा ‘विद्यीश’ नाही. स्त्री असेल तर ‘विद्येशी’.