अणुभट्टी 'क्रिटिकल' होते म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न असा आहे : 'नवी अणुभट्टी क्रिटिकल झाली' या वाक्याचे भाषांतर 'अणुभट्टीची स्थिती गंभीर' असे वाचनात आले. ते बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय म्हणावे?

अजिबात बरोबर नाही. अर्थ पार उलटा होतो. मराठीत यासाठी 'क्रांतिक' हा शब्द आहे. क्रांतिक कोन, क्रांतिक तापमान शिकलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. मुळाशी 'क्रम्' धातू, म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे, संक्रांतीतही तोच. इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीकमधल्या 'निवाडा' या अर्थाच्या शब्दात सापडते. दुखणे बरे होणार की बळावणार हे ज्या घटकेला ठरे, तिला वैद्य तो शब्द लावत. रुग्णालयातला 'क्रिटिकल' तिथून आला. भौतिकशास्त्राने त्यातली सीमारेषा तेवढी उचलली.

ही सीमा कसली? युरेनियम-२३५चे केंद्रक फुटले की सरासरी अडीचच्या आसपास न्यूट्रॉन सुटतात. काही बाहेर निसटतात, काही वाटेतच शोषले जातात. अशा प्रत्येक फुटण्यामागे, म्हणजे विखंडनामागे, सरासरी एक न्यूट्रॉन पुढचे केंद्रक फोडत राहिला, की साखळी आपली आपण चालते. हीच क्रांतिक अवस्था. शक्ती किती, याच्याशी तिचा संबंध नाही. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत एन्रिको फर्मी यांच्या चमूने माणसाने रचलेली पहिली अणुभट्टी क्रांतिक केली, तेव्हा तिची शक्ती होती जेमतेम अर्धा वॅट! आजही वीज देणारी अणुभट्टी चालू असते तोवर क्रांतिकच असते. शक्ती वाढवायची तर तिला थोडा वेळ त्या रेषेच्या किंचित वर न्यावेच लागते. हे साधते ते हजारातल्या सहा-सात रेंगाळणाऱ्या न्यूट्रॉनांमुळे. बाकीचे तत्क्षणी सुटतात. हे काही सेकंदांनी, कधी मिनिटभराने. तेवढ्या सवडीत न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे आत-बाहेर करता येतात. एवढ्या प्रचंड शक्तीचा लगाम या मूठभर उशिरा येणाऱ्यांच्या हाती असावा, याचे मला दर वेळी नवल वाटते.

मग 'गंभीर' कधी म्हणायचे? ११ मार्च २०११ आठवा. भूकंप होताच जपानमधल्या फुकुशिमातल्या चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या. साखळी तुटली, म्हणजे त्या क्रांतिक राहिल्या नाहीत. पण विखंडनातून उरलेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. बंद होताक्षणी ती पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते. त्सुनामीने वीज गेली, शीतन थांबले आणि तिन्हींतले इंधन वितळले. क्रांतिक नसलेल्या अणुभट्ट्यांची स्थिती अतिशय गंभीर होती.

मथळ्यात 'क्रांतिक' बुजवणारा वाटत असेल, तर 'नव्या अणुभट्टीत विखंडनाची साखळी सुरू' असे लिहावे आणि 'क्रांतिक' बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, अर्थासह द्यावा.