जॅमर, जीपीएस आणि वायरलेस: वाचकांच्या शंका

‘इलेक्ट्रॉनिक युद्ध म्हणजे जॅमर’, म्हणजे समोरच्याचे रेडिओ सिग्नल दाबणारं यंत्र, हा समज जवळपास प्रत्येक पत्रात असतो. शत्रूचं प्रक्षेपण ऐकून त्याची जागा काढणं आणि स्वतःचं लपवणं, ही कामं जॅमरपेक्षा जराही लहान नाहीत.

समुद्रात प्लॉटरवर (जीपीएसच्या नकाशावर बोट दाखवणाऱ्या यंत्रावर) आमची बोट एकदम डोंगरावर दिसली. कोणी जॅम केलं का? (तांडेल, मिरकरवाडा)

आधी अँटेनाची वायर बघा. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या आत हिरवा थर धरतो आणि सिग्नल तिथेच मरतो. मग प्लॉटरवर उपग्रहांचं पान उघडा, तिथे प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद पट्ट्यांनी दिसते. जॅमिंग असेल तर पट्ट्या खाली बसतात. पट्ट्या भरलेल्या आणि जागा चुकीची, तर खोट्या सिग्नलचा संशय घ्या. शेजारच्या बोटीलाही तसंच दिसत असेल तर होकायंत्र आणि पाण्याची खोली बघून चला, तटरक्षक दलाला १५५४ वर लगेच कळवा. बंदरात आल्यावर सांगू म्हणून थांबू नका.

बागेवर ड्रोन घिरट्या घालतो. ऑनलाइन जॅमर घेऊ? (बागायतदार, देवगड)

नको. खासगी माणसाने जॅमर घेणं, विकणं, वापरणं बेकायदा आहे. ‘परवान्यासह’ म्हणून विकणारा तुम्हाला फसवतोय. वेळ टिपा, फोटो काढा, पोलीस ठाण्यात जा.

फायबरच्या तारेवरचा ड्रोन जॅम होतो? (विद्यार्थी, चिपळूण)

नाही. त्याचे आदेश तारेतूनच जातात, नियंत्रणाला रेडिओ लागतच नाही.

फ्रिक्वेन्सी हॉपिंग (सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहणं) आणि एन्क्रिप्शन (निरोप सांकेतिक करणं) असलेला वायरलेस सेट असला की तुकडी सुरक्षित ना? (एनसीसी छात्र, सावंतवाडी)

मुळीच नाही, आणि हा गैरसमज जीव घेतो. एन्क्रिप्शनने शब्द लपतात, जागा लपत नाही. सेकंदाला शंभरावर उड्या मारणारा सेटही रेडिओ ऊर्जा फेकतोच, आणि ती पकडता येते. प्रक्षेपण कुठून येतं ते शोधणारं एक यंत्र फक्त दिशा देतं. लांब लांब ठेवलेल्या दोन यंत्रांच्या रेषा जिथे छेदतात तिथे तुम्ही. दिशेत २ अंशांची चूक झाली तरी १० किलोमीटरवर ती साधारण ३५० मीटरच भरते, तोफखान्याला तेवढं चालतं. म्हणून प्रक्षेपणाची ताकद सर्वांत कमी ठेवा, निरोप आधी लिहून काही सेकंदांत संपवा. शत्रू आणि अँटेना यांच्यामध्ये डोंगराची धार येऊ द्या. अँटेना केबलने लांब न्या, मुख्यालयाच्या तंबूवर उभारू नका. रोज ठरल्या वेळी बोलू नका. खिशातला मोबाइल तर कॉल न करताही टॉवरशी बोलत असतो. १ जानेवारी २०२३ला युक्रेनमधल्या रशियाच्या ताब्यातल्या माकीव्हका शहरात युक्रेनच्या हल्ल्यात रशियाचे सैनिक मोठ्या संख्येने मारले गेले. सैनिकांचा मोबाइल वापर हेच मुख्य कारण असल्याचं रशियाच्याच संरक्षण मंत्रालयाने सांगितलं. तुमच्या सेटची ताकद कुठे आणि किती कमी करता येते, हे पुढच्या शिबिराआधी सिग्नलच्या प्रशिक्षकांकडून सेट हातात घेऊन शिका.