साहेबांचा राग ताटावर

"मॅडम, कंपनीच्या वरच्या लोकांचा इतका संताप येतो की रात्री झोप लागत नाही. माझंच डोकं फिरलंय का?" डिलिव्हरी कंपन्यांच्या गोदामांत तासावर काम करणारे हल्ली हे सारखं विचारतात. मी समुपदेशक, गोदामांच्या भिवंडी पट्ट्यात बसते, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून एकाची हकीकत सांगते.

वय तिशीतलं, गाव जळगावकडचं. काम पार्सलं पिनकोडप्रमाणे लावण्याचं, ठेकेदारामार्फत. पोराने रिमोट पाडला म्हणून त्याने जेवणाचं ताट भिरकावलं, त्यानंतर बायको त्याला घेऊन आली. बसल्या बसल्या म्हणाला, "मला काही झालेलं नाही. झालंय ते कंपनीला."

मग कंपनीबद्दलच बोलू दिलं. पगारापेक्षा एक रांगच बोलण्यात पुन्हा पुन्हा येत होती. आधी थंब मारून शिफ्ट बंद, मग गेटवर झडती. बेल्ट काढा, डबा उघडा. गार्ड एक, माणसं दीडशे. सणाच्या सेलमध्ये अर्धा अर्धा तास जायचा, त्याचा पैसा नाही. सकाळी मात्र सात मिनिटं उशीर झाला की अर्ध्या तासाचे पैसे कापायचे. आणि कॅन्टीनच्या टीव्हीवर मोठे साहेब सांगतात, आपण सगळे एक कुटुंब आहोत. "कुटुंबात डबे तपासतात का हो?" त्याने विचारलं. मी काय बोलणार! (अमेरिकेत झडतीच्या रांगेतल्या वेळेचा मोबदला मागणारे गोदाम कामगार 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. म्हणजे हे दुखणं एकट्या भिवंडीचं नाही.)

अशा माणसाला 'दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा' म्हणायची मला लाज वाटते. राग खरा होता. पत्ता चुकलेल्या पार्सलासारखा भलत्याच दारी पडत होता, इतकंच. मोठे साहेब कधी समोर येत नाहीत. समोर असतो सुपरवायझर, तोही कंत्राटीच, आणि त्याला उलट बोललं तर उद्याची शिफ्ट मिळत नाही. मग उरतं घर.

त्याला एक वही करायला सांगितली. रोज आत कधी गेलो, थंब कधी मारला, गेटबाहेर कधी पडलो, हातात किती आले. रात्री डोक्यात फिरणारा हिशेब कागदावर उतरला तशी झोप थोडी सुधारली. शिवाय वहीतून काही गोष्टी धडधडीत दिसायला लागल्या. आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं तर ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा, हे त्याला माहीतच नव्हतं. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, हेही नाही. पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडलं, तर पगारातून कापलेले काही महिन्यांचे पैसे जमाच नव्हते. तो तिथूनच गेटवर भांडायला निघाला होता. थांबवलं. एकट्याने आणि तोंडी जाऊ नका. चार जण मिळून लेखी द्या, पोच घ्या, नाही ऐकलं तर पीएफ कार्यालय आहे, कामगार आयुक्त आहेत.

घरासाठी मी सुचवलं की कामावरून आल्यावर अर्धा तास त्याच्याशी कुणी बोलू नये. बायको ताडकन म्हणाली, "यांना अर्धा तास, आणि मला कोण देणार?" रास्तच होतं. शेवटी ठरलं ते असं: आल्यावर त्याने चहा घ्यायचा, पोराला घेऊन खाली उतरायचं, आणि तेवढा वेळ तिचा.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, दारू वाढली, स्वतःला किंवा कुणाला इजा करायचे विचार आले, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठाच. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं, मराठीतही.

पीएफचे पैसे लेखी अर्जानंतर जमा झाले. ताट पुन्हा उडालेलं नाही. साहेबांबद्दलचं त्याचं मत तसंच आहे, आणि ते बदलावं असं मलाही वाटत नाही. झडतीच्या रांगेचा अर्ज अजून पडून आहे.