तुटवडा थोडा, भाव अफाट

प्रश्न : विजेची मागणी पुरवठ्याहून जेमतेम चार-पाच टक्क्यांनी वाढली, तरी बाजारातले तिचे दर कित्येक पटींनी चढतात, असे का? आणि भारनियमन सुरू झाले की ते आणखी चढतात की उतरतात?

उत्तर : बहुतेक वीज बाजारांत सरासरी खर्चावरून दर ठरत नाही. निर्मिती कंपन्यांच्या बोली स्वस्तापासून महागापर्यंत क्रमाने लावल्या जातात आणि मागणी भागवण्यासाठी जी शेवटची बोली स्वीकारावी लागते, तिचाच दर साऱ्या विक्रेत्यांना मिळतो. टंचाईत ही शेवटची बोली वर्षातून मोजके तास चालणाऱ्या, महागडे इंधन जाळणाऱ्या एखाद्या संचाची असते. त्याच्या काही मेगावॉटचा भाव मग हजारो मेगावॉटला लागू होतो.

एरवी एखादा माल महागला की गिऱ्हाईक हात आखडता घेते. विजेच्या बाबतीत घरगुती बिल सहसा आधी ठरलेल्या दराने येत असल्यामुळे, बाजारात त्या घटकेला भाव कडाडला आहे याचा ग्राहकाला पत्ताही नसतो आणि पंखा फिरतच राहतो. मागणी हटत नाही, साठवण तोकडी, म्हणून दर थेट नियामकाने घातलेल्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो.

आपला दुसरा प्रश्न अधिक मार्मिक आहे. भारनियमनात ज्यांची वीज तोडली जाते त्यांची मागणी हिशेबातूनच गळते, आणि त्यामुळे टंचाई सर्वांत तीव्र असतानाच दर उतरू शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये नेमके हेच घडले. कडाक्याच्या थंडीत वायूचा पुरवठा आणि वीजसंच गोठले, सुमारे २०,००० मेगावॉटपर्यंत भार तोडावा लागला, तरीही कमाल मर्यादा मेगावॉट-तासाला ९,००० डॉलर, म्हणजे युनिटला ९ डॉलर असताना बाजारभाव काही वेळा १,२०० डॉलरच्या आसपास घसरत होता. १५ फेब्रुवारीला राज्याच्या नियामक आयोगाने दर कमाल मर्यादेवरच ठेवण्याचा आदेश दिला. ज्या घटकेला लोक अंधारात आहेत त्या घटकेचा भाव स्वस्त दिसणे हा हिशेबाचा दोष होता, हे आयोगाचे म्हणणे मला पटते. परंतु भारनियमन १७ तारखेच्या रात्री संपल्यावरही तोच दर १९ तारखेच्या सकाळपर्यंत चालू राहिला, त्याचे समर्थन करणे कठीण आहे. गोठलेले संच चढ्या दराच्या आमिषाने सुरू होणार नव्हतेच. पुढे २०२२ च्या आरंभापासून ही मर्यादा ५,००० डॉलरवर आणण्यात आली.

तिथल्या काही घरांनी मात्र बाजारभावाशी जोडलेली योजना घेतली होती. त्या चार-पाच दिवसांची त्यांची बिले हजारो डॉलरच्या घरात गेली.