तणनाशकाने कॅन्सर होतो का? आधी काकांना बाटलीवरचं नाव विचारा

तुम्ही लिहिलंय की काका गुहागरकडे आंबा-काजूच्या बागेत बरीच वर्षं तणनाशक मारतात, हातमोजे नाहीत, आता बोटांची सालं निघतायत, चढावर दम लागतो, तर हा कॅन्सर असेल का. मी डॉक्टर नाही, राजापूरकडे आमची बाग आहे आणि फवारणीवाल्या गड्यांसोबत रोजचं काम आहे, त्यावरून आणि थोडं वाचून सांगतो.

कॅन्सरचं जे ऐकता ते ग्लायफोसेट नावाच्या तणनाशकाबद्दल. 2015 ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ते 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं, अमेरिकेचं पर्यावरण खातं मात्र म्हणतं तसा धोका दिसत नाही, म्हणजे वाद अजून चालूच आहे. 2018 ला कॅलिफोर्नियात शाळांची मैदानं सांभाळणाऱ्या ड्वेन जॉन्सनने या औषधाने कॅन्सर झाला म्हणून कंपनीवर दावा लावला, त्याला ज्युरीने 28.9 कोटी डॉलर भरपाई मंजूर केली, नंतर ती 2 कोटींच्या आसपास आली. त्याचा पाईप निसटून औषध अंगभर उडालं होतं. आपल्याकडे पाठीवरचा पंप झाकणातून गळतो, शर्ट भिजतो आणि त्याच शर्टात माणूस जेवायला बसतो. नोझल अडकला की तोंडाने फुंकतात, हे तर मला बघवतच नाही.

पण मला जास्त काळजी पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाची वाटते. गवत दोन दिवसात करपतं म्हणून लोकांना आवडतं, बेणणीची मजुरी वाचते. युरोपात 2007 पासून बंद आहे, आणि त्यावर उतारा नाही. एखादा घोट पोटात गेला तरी तोंड सोलतं, किडनी जाते, मग फुप्फुसं आखडत जातात आणि तोवर माणूस शुद्धीत असतो. धड कातडीवरून ते फारसं आत जात नाही, पण चिरलेल्या, सोललेल्या कातडीतून जातं, आणि पाणी न घातलेलं औषध लागत राहिलं की कातडी स्वतःच सोलते. काकांची नखं बघा, पांढरे पट्टे आलेत का, ठिसूळ होऊन उचलली जातायत का, फवारणीच्या दिवशी नाकातून रक्त येतं का. असं असेल तर काम आजच थांबवा.

अजून एक, आपल्याकडे तणनाशक मारणारा माणूसच आंब्याच्या मोहरावर तुडतुड्या किडीची औषधं पण मारतो, ती वेगळी, त्यातली काही सरळ नसांवर काम करतात. तेव्हा सगळा दोष तणनाशकाला देऊ नका, दम लागणं हृदयाचं किंवा विडीचं पण असू शकतं. वर्षभर वापरलेल्या सगळ्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो काढा आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवा, नुसतं "शेतीचं औषध" सांगितलं तर त्यांना काही कळणार नाही. छातीचा एक्स-रे आणि किडनीच्या रक्ततपासणीबद्दल त्यांना विचारा.

आणि घरी जाऊन एवढं आजच बघा, उरलेलं औषध कोणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून पडवीत ठेवलंय का. पॅराक्वाट गडद रंगाचं असतं, पोरं चुकून तोंडाला लावतात. तसं झालं तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका, बाटली हातात घ्या आणि मोठ्या हॉस्पिटलला निघा, तोंडाला थोडंसंच लागलंय आणि पोरगं हसतंखेळतंय म्हणून थांबू नका.