रेषा काढलीस, आता तिच्याखालची जमीन बघ

नागपूर, नऊतपा

बाबू,

तुझा नकाशा मिळाला. हिमाचलातल्या चंद्रताल तळ्याहून बारालाचा खिंडीकडे चालत जाता जाता वाट सोडायची, उजव्या हाताच्या खोऱ्यात शिरायचं आणि त्या बिननावाच्या तळ्यावर पोचायचं. लाल पेनाची रेषा अगदी सरळ आहे. इतकं सरळ तर आपला ऑटोवाला धंतोलीहून सदरलाही जात नाही.

मळलेल्या वाटेवर आधी गेलेल्या लोकांनी निम्मे प्रश्न सोडवून ठेवलेले असतात. ओढा कुठे उथळ, कडा कुठून टाळायचा, हे पायांना आपोआप कळतं. वाट सोडली की ते सगळं तुझ्या डोक्यावर, आणि ते डोकं तेव्हा साडेचार हजार मीटरच्या विरळ हवेत दमलेलं असणार. म्हणून जमेल तेवढं इथेच सोडव, कूलरसमोर बसून.

फूटपट्टी घे. तुझ्या नकाशावर 1 सेंटिमीटर म्हणजे 500 मीटर, आणि दोन जाड कंटूर रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, 200 मीटर उंचीचा फरक. त्या जाड रेषा एकमेकींपासून 7 मिलिमीटर अंतरावर असतील तर उतार साधारण 30 अंशांचा. 4 मिलिमीटरवर आल्या की 45 अंश, म्हणजे सुट्या दगडांच्या घसाऱ्यावर हातपाय टेकत जाणं. तुझी रेषा तळ्याच्या अलीकडे नेमकी अशाच जागी घुसते. आणखी एक खोच आहे. बारीक रेषा दर 40 मीटरला आहेत, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा कडा दोन रेषांच्या मध्ये गुपचूप बसू शकतो. नकाशा खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. म्हणून उपग्रहचित्रं बघ, तीही सप्टेंबरमधली. जूनच्या चित्रात दगडांचा खच बर्फाखाली झाकलेला असतो आणि उतार मैदानासारखा गुळगुळीत दिसतो.

वेळेचा हिशेबही मला पटला नाही. ताशी 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा, हा नियम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसानं 1892 मध्ये मांडला, तोही चालण्याजोग्या जमिनीसाठी. हिमनदीनं आणून टाकलेल्या फ्रीजएवढ्या दगडांवरून पाठीवर ओझं घेऊन मी तासाला एक किलोमीटर धरतो. तू तीन धरलास.

आता खरी अडचण. त्या भागातले ओढे हिमनदीच्या पाण्याचे. टोक्पो योंगमा आणि टोक्पो गोंगमा ही नावं तू वाचली असशीलच. पहाटे पाणी सगळ्यात कमी असतं, ऊन चढलं की वाढत जातं. तुझ्या योजनेत सकाळी सहाला ओढा ओलांडून तळ्याकडे जायचं आहे आणि दुपारी चारला परत यायचं आहे. सकाळी गुडघ्याला लागलेलं पाणी चारला कमरेवर आलेलं असेल. तेव्हा एक तर मुक्काम ओढ्यापलीकडेच हलव, नाहीतर रात्र काढायचं सगळं सामान सोबत ने. यात तिसरा पर्याय नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. एकदा आमचे चौघं ओढा ओलांडून गेले, मी आणि एक पोरगा अलीकडे राहिलो आणि बघता बघता पाणी चढलं. तंबूचं कापड आमच्याकडे, खांब पलीकडे. स्टोव्ह आमच्याकडे, काडेपेटी पलीकडे. रात्रभर कापड अंगाला गुंडाळून कोरडा चिवडा खाल्ला. तेव्हापासून पाण्यात पाय घालण्याआधी मी सामानाची वाटणी पुन्हा करतो. दोन्ही काठांवर पूर्ण तंबू, पूर्ण चूल.

उंचीचं ऐक. नागपूर समुद्रसपाटीपासून 310 मीटरवर, मनाली 2,050, चंद्रताल 4,250 च्या आसपास. अटल बोगदा 2020 मध्ये सुरू झाल्यापासून लाहौलात शिरणं फार सोपं झालंय, आणि घोळ तिथेच आहे. मनालीत एक रात्र झोपून दुसऱ्या रात्री चंद्रतालला झोपणं म्हणजे एका दिवसात 2,200 मीटर. 3,000 मीटरच्या वर झोपायची जागा रोज फार तर 500 मीटरनं वाढवावी. म्हणून मनालीत दोन रात्री, सिस्सू किंवा केलाँगला दोन, मग एक छत्रूला, एक बातलला. सुट्टी पुरत नसेल तर तळं पुढच्या वर्षी.

महिना ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा ठेव. जुलैवर भरवसा नको. 2023 च्या जुलैत चंद्रतालला अडीचशेहून जास्त पर्यटक बर्फात अडकले होते.

बारीकसारीक: गॅसचे डबे ट्रेनमधून नेता येत नाहीत, मनालीत घे. त्या उंचीवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं, तुरीची डाळ शिजणार नाही. सातूचं पीठ ने. सॅटेलाइट फोन मागवायचं डोक्यातून काढ, परवान्याशिवाय तो बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. त्याऐवजी रोजच्या मुक्कामाचा कागद घरी आणि मनालीत ठेव. कोणत्या तारखेला किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, हे त्यावर मोठ्या अक्षरात लिही. कुठून आणि किती वाजता मागे फिरायचं तेही त्यातच. तळं समोर दिसत असताना हे ठरवायला गेलास तर उत्तर चुकीचंच येईल.

आईची परवानगी राहिली असेल तर एक युक्ती सांगतो. सूरजताल तळ्यातून निघणारी भागा नदी तांदीला चंद्रा नदीला मिळते आणि पुढे चंद्रभागा होते. पंढरपूरचं नाव काढू नकोस, ती आपणच काढेल.

सरावासाठी पेंचच्या जंगलात वाट सोडून शिरू नकोस. तिथे वाघही आहे आणि कायदाही. रविवारी पहाटे पाचला सेमिनरी हिल्सला ये, सॅकमध्ये पंधरा किलो भरून. फूटपट्टी आण आणि नवी रेषा पेन्सिलीनं काढून आण.

तुझा,
काका